झिलकरी येडूची एक तार

गोंधळ बघून घरी निघालेल्या माणसांना विचारा, नायक कसा होता? त्याचं मुंडासं, गळ्यातली कवड्यांची माळ, कुठल्या ओळीला त्यानं बायकांना पदर डोळ्यांना लावायला लावला, सगळं सांगतील. संबळ कुणी वाजवला, तेही सांगतील. आणि तुणतुणं कुणी धरलं होतं? तिथं माणसं डोकं खाजवतात. होता की कुणीतरी मागं. असणारच, त्याच्याशिवाय गोंधळ होतोय होय!

हा मागचा कुणीतरी म्हणजे येडू गोंधळी. सोलापुरात तुळजापूर वेशीपाशी त्याचं घर. थोरला भाऊ रावजी नायक, चुलत्याकडं संबळ आणि येडूच्या काखेत बापाच्या हातचं तुणतुणं. लाकडी नळा, त्याला खालून कातडं, बाजूला बांबूची काठी आणि एकच तार. येडू झिलकरी. म्हणजे नायकानं ओळ टाकली की हा तिची शेपटी झेलणार, 'जी जी रं जी' करत ती वर नेणार, तेवढ्यात नायकानं श्वास घ्यायचा. पुढं उभं राहण्याचा मान नायकाचा, शाल नायकाची, पहिला विडा नायकाचा. झिलकऱ्याला उरतं ते उभं राहून दुखणारे पाय.

बापानं मरताना दोघा भावांना एकच गोष्ट निक्षून सांगितली होती. "देवीआईला बोलावणं गेलं की आरती हुईस्तवर तार थांबवायची न्हाय. तार थांबली की आई उंबऱ्यावर थांबती." येडूनं हे इतकं मनावर घेतलं होतं, की गोंधळात त्याला शिंक आली तरी उजवा हात चालूच असायचा.

एकदा मोडनिंबला आबासाहेबांच्या घरच्या लग्नाचा गोंधळ होता. बडं घर, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. आख्यान रंगात आलं आणि रावजी ओळ विसरला. चांगला पाठ असलेला गडी, पण गेली ओळ ती गेलीच. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. येडूनं मागून ते बघितलं आणि मागच्याच ओळीची शेपटी धरून ठेवली. ती एकदा सरळ वाजवली, मग वाकडी, मग चुलत्याच्या संबळाला डिवचून त्याच्याशी भांडण लावून दिलं. लोक डोलायला लागले. तेवढ्यात रावजीला ओळ सापडली आणि आख्यान सुटलं. आबासाहेबांनी स्वतः उठून रावजीच्या खांद्यावर शाल टाकली आणि म्हणाले, "वा रावजी! मदी काय जागा केलीस!"

रावजीनं वाकून नमस्कार केला. परत येताना बैलगाडीत दोघं भाऊ पाठीला पाठ लावून बसले होते. येडूला शाल नको होती. त्या गाडीत रावजीनं नुसतं "बरं सांबाळलंस" एवढं म्हटलं असतं तरी तो सोलापूरपर्यंत नाचत आला असता. रावजी नवी शाल चाचपत बसला. येडूच्या मनात ते कुसळासारखं राहिलं. आपली तार कुणीतरी समोर बसून ऐकावी, आणि तो कुणीतरी रावजी असावा, एवढंच त्याला हवं होतं.

गोंधळ्याचं कॅलेंडर लग्नाच्या तिथीवर चालतं. देव झोपले की गोंधळीही रिकामा. अशाच एका चातुर्मासात, अठ्ठावीस सालच्या आसपास, येडूला काम मिळालं ते सात रस्त्याजवळच्या चनमल्लप्पाच्या पत्र्याच्या सिनेमात. चनमल्लप्पा मूळचा शेंगतेलाचा व्यापारी. तेल विकून विकून कंटाळला म्हणून त्यानं सिनेमा काढला, असं तो स्वतःच सांगायचा. तेव्हाचा सिनेमा मुका. पडद्याखाली तीन वाजवणारे बसत आणि चित्र बघत वाजवत. त्यांचा मुख्य गोव्याचा मार्तीन मास्तर. तोंडात पितळी कॉर्नेट, अंगात चुरगळलेला पांढरा कोट. येडूचं काम दारात उभं राहून तुणतुण्यावर गिऱ्हाईक गोळा करायचं.

एका दुपारी पेटीवाला तापानं आडवा झाला. मार्तीन मास्तर दारात आला आणि येडूला म्हणाला, "आत ये मरे. एक सूर धर आणि गप बस."

येडू पडद्याखाली जाऊन बसला. वर राणी मरत होती. राजा तिच्या उशाशी बसलेला, लोकांच्या नाकांचे सूंसूं आवाज चाललेले. मार्तीन मास्तरानं असा काही करुण सूर काढला आणि शेवट इतका लांबवला, की येडूच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि ओळीची शेपटी समोर आल्यावर जन्माच्या झिलकऱ्यानं काय करावं? त्यानं खड्या आवाजात ती झेलली.

"जी जी रं जीऽऽ!"

सगळा सिनेमा खो खो हसत सुटला. राणी मेली ती हसण्यातच मेली. चनमल्लप्पा धोतर सावरत पळत आला. "शिवा शिवा! आमची राणी मेली हो! अन् तुमी तिच्या मढ्यावर जी जी करता?" येडूला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण दुसऱ्या दिवशी तिकिटाच्या खिडकीवर गिऱ्हाईकच विचारायला लागलं, "आज जी जी हाय का?" तसा चनमल्लप्पाचा चेहरा पालटला. व्यापारीच तो. म्हणाला, "ऱ्हाऊ दे की त्याला आत. राणी काय, रोजच मरती."

त्या दिवशी एकटा मार्तीन मास्तर हसला नव्हता. खेळ सुटल्यावर तो येडूला आपल्या खोलीवर घेऊन गेला आणि किल्लीच्या फोनोवर त्यानं एक तबकडी लावली. येडू जमिनीवर उकिडवा बसून ऐकायला लागला. आधी नुसता गलका वाटला. मग त्यातला एक आवाज पुढं आला, ओळ टाकली, आणि मागून दुसऱ्यानं तिची शेपटी धरली. येडू ताडकन उठला.

"मास्तर, ह्यो नायक! अन् मागला त्यो झिलकरी!"

"ऐक पुढं," मास्तर म्हणाला.

पुढं जे झालं ते येडूनं उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. झिलकरी पुढं आला. पुढं येऊन आपल्या मनचं वाजवायला लागला आणि नायक मागं सरकून त्याला झिल द्यायला लागला. पुन्हा अदलाबदल. पुन्हा तिसराच पुढं. येडूनं ती तबकडी लावायला लावली, परत लावायला लावली, शेवटी मास्तरच्या हाताला किल्ली फिरवून कळ लागली.

"हे कुनाचं गोंधळी?"

"अमेरिकेतले काळे लोक. ह्याला जॅझ म्हणतात."

"समदं पाठ असतंय व्हय ह्यास्नी?"

"थोडं पाठ. बाकीचं तिथं उभ्या उभ्या सुचतं."

"मंग ह्ये आमचंच हाय की!" येडू म्हणाला, आणि इतका मोठ्यानं हसला की शेजारची म्हातारी दारात बघायला आली.

तिथून येडूची शिकवणी सुरू झाली. मास्तरानं ओळ टाकायची, येडूनं उत्तर द्यायचं. उत्तरं फक्कड यायची. पण एक खोड काही केल्या जाईना. येडू थांबायचाच नाही. मास्तर कपाळाला हात लावायचा. "अरे बाबा, तू बोललास, आता थांब. जागा सोड. समोरच्यानं उत्तर कुठं द्यायचं, तुझ्या डोक्यावर?" येडू मान हलवायचा आणि पुन्हा वाजवतच राहायचा. तार थांबवायची म्हटलं की त्याला बापाचा चेहरा दिसायचा.

तुळशीची लग्नं झाली, माणसांच्या लग्नांचा हंगाम आला. पहिल्या गोंधळाला येडू धुतलेला अंगरखा घालून भावाच्या दारात गेला. बघतो तर बापाचं तुणतुणं चुलत्याच्या जावयाच्या काखेत. हंगामाच्या पूजेसाठी येडूनं ते आठवडाभर आधी भावाकडं नेऊन दिलं होतं, म्हणून त्याला आधी कळलंच नाही.

"दादा, ह्ये काय?"

"राणी मेल्यावर जी जी करतूस म्हनं," रावजी म्हणाला. "साऱ्या शेरात आपलं हसं झालं. जो हात बाजारात वाजला त्यो आईच्या चौकापुडं न्हाय वाजायचा."

"हात त्योच हाय की, दादा. मोडनिंबला वाजला त्योच."

मोडनिंबचं नाव निघाल्याबरोबर रावजीनं तोंड फिरवलं. "जा तू," एवढंच म्हणाला. येडू तसाच वेशीबाहेर गेला आणि रूपाभवानीच्या देवळामागं बसून पोरासारखा रडला. तुणतुण्यासाठी रडला नाही. मागं उभं राहायची जागासुद्धा भावानं ठेवली नाही, म्हणून रडला.

पण रडून किती रडायचं? घरी येऊन त्यानं फुलाबाईचं जोंधळे मोजायचं लाकडी मापटं उचललं आणि त्याचं बूड काढलं. फुलाबाई त्याची बायको, तोंडानं फटकळ. "आता जोंदळं कशानं मोजू? तुमच्या जी जी नं?" तिनं आदळआपट केली, आणि शेवटी तीच खाटकाकडून कातडं घेऊन आली. तार दिली मार्तीन मास्तरानं, मोडक्या बँजोची. काठी येडूनं मुद्दाम लवचीक बांबूची लावली. ती अंगठ्यानं दाबली की तार सैल पडायची, सोडली की ताणायची, आणि एकाच तारेतून सूर वर-खाली घसरायचे. बापाच्या तुणतुण्याची काठी अशी दाबायची कुणाची छाती नव्हती. हे तर घरचं मापटं होतं. येडूनं ते रडवलं, हसवलं, कुर्डुवाडीच्या शंटिंगच्या इंजिनासारखं शिट्ट्या मारायला लावलं.

पुढं बोलपट आला. पडदा स्वतःच गायला लागला आणि पडद्याखालच्यांची भाकरी गेली. चनमल्लप्पानं डोळे पुसत सगळ्यांना नारळ दिला, अगदी खरा, शेंडीवाला. मार्तीन मास्तरानं मात्र हार मानली नाही. कुर्डुवाडीला रेल्वेचं मोठं ठाणं, तिथं गोरे आणि अर्धगोरे ड्रायव्हर, गार्ड, फोरमन. त्यांच्या क्लबात नाताळात नाच असायचा. मास्तरानं सहा जणांचा बँड जमवला आणि त्यात येडूला घातलं.

क्लबाच्या सेक्रेटरीनं मापट्याचं तुणतुणं बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. त्याच्या मते ही भिकाऱ्याची वस्तू. मास्तर म्हणाला, "हा नाही तर मी पण नाही." नाचाला तासभर उरलेला, सेक्रेटरी करतो काय? त्यानं अट घातली, की ह्यानं मागं, पाम झाडाच्या कुंडीआड उभं राहायचं. येडूला त्याचं काहीच वाटलं नाही. मागं उभं राहायला त्याला कोण शिकवणार!

नाच रंगला. चकचकीत फरशीवर बुटांचे आवाज, फुगे, केकचा वास. एका जलद गतीच्या मधोमध मास्तरानं ठरवून ठेवलं होतं, की सगळ्या बँडनं एकदम थांबायचं आणि दोन आवर्तनं एकट्या कॉर्नेटनं भरायची. बँड थांबला. मास्तरानं ओठांना कॉर्नेट लावलं आणि त्याच क्षणी त्याला खोकल्याची उबळ आली.

सहाच्या सहा वाद्यं गप्प. नाही, पाचच. सहाव्याला थांबता येत नव्हतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. कुंडीआडून येडूची तार चालूच होती. त्यानं बघितलं, नायक अडकला. मग काय, मोडनिंबच! त्यानं मास्तरची शेवटची ओळ उचलली, काठी दाबली, सूर घसरवत खाली नेला, परत चढवला, ड्रमवाल्याला डिवचलं. दोन आवर्तनांची दहा झाली. नाचणारी जोडपी थांबून हा आवाज कुठून येतोय ते शोधायला लागली. मास्तर खोकत खोकतच उठला आणि त्यानं दोन्ही हातांनी ती पामची कुंडी बाजूला ओढली.

सगळा क्लब येडूकडं बघत होता. समोरून. बाराबंदी, मुंडासं, कपाळाला कुंकवाचा मळवट आणि काखेत जोंधळ्याचं मापटं. तो वाजवत राहिला, आणि संपलं तेव्हा फोरमन लोकांच्या बायका टाचा आपटून ओरडत होत्या. सेक्रेटरीनं स्वतः येऊन हात पुढं केला. हाताचं काय करायचं ते न सुचून येडूनं त्याच्या हातावर भंडारा ठेवला.

त्यानंतर येडूला मागं वळून बघावं लागलं नाही. दर नाताळाला कुर्डुवाडी, मग पुणे, मग दोन हंगाम मुंबईचं एक बडं हॉटेल. तिथं समुद्रापलीकडून आलेले काळे वाजवणारे होते, तबकडीत ऐकलेल्यांच्याच जातकुळीचे. त्यांची भाषा येडूला कळत नव्हती, त्याची त्यांना. पण एकानं सॅक्सोफोनवर ओळ टाकली, की येडूचं उत्तर तयार. ते त्याला हसत 'मिस्टर जीजी' म्हणायचे. पगारातून फुलाबाईनं नवं मापटं घेतलं, पितळेचं. म्हणाली, "हे तरी वाजवू नगा."

सगळं मिळालं, तरी दर हंगामात लग्नाची वाजंत्री ऐकली की येडूचं मन तुळजापूर वेशीकडं धावायचं. आठ वर्षं भाऊ समोरून गेला तरी बोलत नव्हता. आणि सदतीस साली येडूची पोरगी वच्छला उजवायची ठरली. आता आली का पंचाईत! गोंधळ्याच्या घरचं लग्न, गोंधळ झाल्याशिवाय सुटायचं कसं? आणि घराण्याचा नायक रावजी. त्यानं पाऊल टाकलं नाही तर सोयऱ्यांपुढं खाली मान घालायची वेळ. येडूची जायची हिंमत होईना. फुलाबाई उठली, पदर खोचला आणि दिराच्या दारात जाऊन उभी राहिली. "भावजी, भांडान तुमचं दोगांचं. पोरीनं काय केलंय?"

दिवेलागणीला रावजी आला. केस पिकलेले, पण मुंडासं तसंच ऐटीत. संगे चुलता आणि बापाचं तुणतुणं घेतलेला तो जावई. येडूकडं न बघताच त्यानं चौक मांडला. पाटावर खण, तांदळाची रास, कलश, भोवती पाच उसांची ताटं. दिवटी पेटली. रावजीनं गावोगावच्या देवींना नाव घेऊन हाक मारली, आणि येडू पोरीच्या बापाच्या जागी, पाहुण्यांत, हात बांधून बसून राहिला. त्याची बोटं मांडीवर चालत होती.

आख्यान सुरू झालं. निम्म्यावर आलं, आणि एका ओळीच्या शेवटी रावजी थांबला.

येडूला वाटलं, विसरला. मग त्यानं भावाचं तोंड बघितलं. ते पांढरं पडलेलं नव्हतं. रावजी सरळ त्याच्याकडं बघत होता, आठ वर्षांत पहिल्यांदा. जावयाची तार गोंधळली, लटपटायला लागली. रावजीनं ते तुणतुणं त्याच्या काखेतून काढून घेतलं आणि तार छेडतच, एकही ठोका न चुकवता, येडूपुढं धरलं.

"मोडनिंबला वाजीवलंवतंस," तो म्हणाला, "तसं वाजीव."

येडू उठला. बापाचं तुणतुणं काखेत घेतलं.  त्यानं भावाची ओळ उचलली. आधी सरळ वाजवली, बाप वाजवायचा तशी. मग अंगठा काठीवर गेला. क्षणभर थांबला, आणि दाबलीच काठी. सूर घसरला आणि मांडवातल्या म्हाताऱ्या "अगं बया!" करून पुढं सरकल्या. चुलत्यानं संबळावर जोर धरला. येडू वाजवत सुटला. त्यात सिनेमातली राणी मेली, कुर्डुवाडीची गाडी सुटली, बैलगाडीत दोन भाऊ पाठीला पाठ लावून बसले. रावजी समोर उभा राहून ऐकत होता.

आणि मग येडूनं ओळीचा शेवट लांबवला, वर नेला, आणि हात काढून घेतला.

तार थांबली.

 चुलत्याचा हात संबळावर अधांतरी राहिला. फुलाबाईनं तोंडावर पदर दाबला. पोरीच्या लग्नाचा गोंधळ, आईला बोलावणं गेलेलं, आणि बापानं सांगितलेली एकच गोष्ट पोरीच्या बापानं मोडली होती. येडूला सगळं कळत होतं. त्याला भीतीही वाटत होती. पण मार्तीन मास्तर जन्मभर ओरडत राहिला ती जागा त्यानं आज सोडली होती, आणि ती एकाच माणसासाठी सोडली होती. आता तो माणूस बोलला नाही, तर आई उंबऱ्यावरच राहणार होती.

 साऱ्या जन्मात ज्यानं कुणाच्या मागं ओळ धरली नव्हती, तो नायक दोन पावलं मागं सरकला, धाकट्या भावाच्या खांद्यामागं जाऊन उभा राहिला, कानावर हात ठेवला, आणि फाटक्या आवाजात त्यानं ती शेपटी झेलली.

"जी जी रं जीऽऽ!"